पडणे हे म्हातारपणाचे नशीब नव्हे

‘आता वय झालं, एखाद् वेळी पाय घसरायचाच,’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. आजी न्हाणीघरात घसरल्या, आजोबा रात्री लघवीला उठले आणि उंबरठ्याला ठेचकाळले, बाजारातून येताना गटाराच्या तुटक्या फरशीत कुणाचा पाय अडकला, अशा बातम्या आपण ऐकतो, हळहळतो आणि वयाला दोष देऊन गप्प बसतो. ताप आला तर आपण त्याचे कारण शोधतो, पोट दुखले तर डॉक्टरांकडे जातो. पडण्याचे कारण मात्र क्वचितच कुणी शोधते. वस्तुतः पडण्याला कारणे असतात, ती शोधता येतात आणि त्यांतली बरीचशी दूरही करता येतात. यातील काही कारणे माणसाच्या शरीरात असतात, काही औषधांच्या पिशवीत, काही घरात आणि काही गावाच्या रस्त्यावर. पहिल्या तिन्हींचा बंदोबस्त कुटुंबाला डॉक्टरांच्या मदतीने करता येतो. चौथ्यासाठी मात्र गावातील ज्येष्ठांनी एकत्र यावे लागते. म्हणून आजचा लेख घरातील सर्वांसाठी आहे, तसाच तो ज्येष्ठ नागरिक संघांच्या कार्यकर्त्यांसाठीही आहे.

प्रश्न किती मोठा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. यातील ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात आणि सर्वाधिक बळी साठी ओलांडलेल्यांचे असतात. पासष्टीच्या पुढे साधारणपणे तीन माणसांपैकी एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. वय वाढते तसे हे प्रमाणही वाढते.

आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाख होती. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के खेड्यांत राहत होत्या. महाराष्ट्रात त्या वेळी दर शंभर माणसांमागे जवळजवळ दहा माणसे साठीच्या पुढची होती. तेव्हापासून हे प्रमाण वाढतच गेले आहे. म्हणजे हा प्रश्न फक्त मोठ्या शहरांतल्या वृद्धाश्रमांचा नाही. तो आपल्या तालुक्याचा, आपल्या आळीचा आहे.

एका पडण्याची किंमत

प्रत्येक पडण्यात हाड मोडत नाही. बहुतेक वेळा मुका मार लागतो आणि चार दिवसांत माणूस हिंडूफिरू लागतो. परंतु ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत त्यांच्या बाबतीत साधे उभ्या जागी पडणेही पुरेसे ठरते. मनगट, पाठीचा मणका आणि खुबा ही तीन ठिकाणे प्रामुख्याने मोडतात. त्यांपैकी खुब्याचे हाड मोडणे सर्वांत वाईट. अनेक देशांतील पाहण्यांमध्ये असे दिसून आले आहे की, खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी पाचांतील एक किंवा त्याहून अधिक जण वर्षभरात दगावतात. जे वाचतात त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना पूर्वीसारखे चालता येत नाही.

स्त्रियांना हा धोका अधिक असतो. मासिक पाळी बंद झाल्यानंतर त्यांच्या हाडांची झीज वेगाने होते. त्यातून आयुष्यभर घरच्या कामाचा भार आणि स्वतःच्या जेवणाकडे दुर्लक्ष. त्यामुळे वरून ठणठणीत दिसणाऱ्या आजींची हाडे आतून पोकळ झालेली असू शकतात. हाडांचा ठिसूळपणा दुखत नाही, म्हणून तो मोडेपर्यंत कळत नाही.

आणखी एक नुकसान डोळ्यांना दिसत नाही, ते म्हणजे भीती. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडेन या धास्तीने बाहेर जाणे सोडतो. देऊळ सुटते, बाजार सुटतो, कट्ट्यावरची मंडळी सुटतात. घरात बसून पायांची ताकद आणखी कमी होते आणि ताकद कमी झाली की पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. हे चक्र वेळीच तोडावे लागते.

माणूस का पडतो?

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉ. मेरी टिनेटी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ७५ वर्षे व त्यापुढील ३३६ व्यक्तींचा वर्षभर मागोवा घेतला. ही सारी माणसे रुग्णालयात नव्हे, तर आपापल्या घरी राहणारी होती. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३२ टक्के व्यक्ती वर्षात एकदा तरी पडल्याचे आढळले. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ज्यांच्यात धोक्याचे एकही कारण नव्हते त्यांच्यात पडण्याचे प्रमाण अवघे ८ टक्के होते. ज्यांच्यात चार किंवा अधिक कारणे एकत्र आली होती त्यांच्यात ते ७८ टक्के होते. गुंगी आणणारी औषधे, पायांतील अशक्तपणा, तोल व चाल यांतील दोष, पावलांचे विकार, विसराळूपणा ही ती कारणे.

याचा अर्थ असा की, वय नुसते मोजून भागत नाही. पंचाहत्तरी गाठलेल्या दोन माणसांपैकी एकाचा धोका अगदी थोडा आणि दुसऱ्याचा खूप मोठा असू शकतो. एकेक कारण कमी करत गेल्यास धोकाही उतरतो. याच संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या अभ्यासात सत्तरीपुढच्या ३०१ व्यक्तींचे दोन गट केले. एका गटातील प्रत्येकाची औषधे तपासली, तोल सुधारण्याचे व्यायाम दिले आणि घरातले धोके दूर केले. दुसऱ्या गटाला केवळ भेटी दिल्या. वर्षअखेर पहिल्या गटात ३५ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के माणसे पडली होती. पडणे पूर्णपणे थांबले नाही, पण शंभरांतील बारा माणसे पडण्यावाचून वाचली, ही काही लहान गोष्ट नव्हे.

घरच्या घरी तपासणी

खालील पाच गोष्टी प्रत्येक घरात तपासता येण्यासारख्या आहेत.

१. उठून चालण्याची परीक्षा : साधी खुर्ची घ्या. तिच्यापासून दहा फुटांवर खडूने रेघ मारा. आजोबांनी खुर्चीतून उठावे, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जावे, वळून परत यावे आणि बसावे. घड्याळात सेकंद मोजा. काठी वापरत असल्यास ती घेऊनच चालू द्या. शेजारी एकाने सावध उभे राहावे. बारा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला तर पडण्याचा धोका आहे असे समजावे आणि डॉक्टरांना सांगावे.

२. उभे राहिल्यावरचा रक्तदाब : पाच मिनिटे आडवे पडून रक्तदाब मोजावा, मग उभे राहून एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा आकडा १० ने उतरला, तर उठताक्षणी चक्कर येऊन पडण्याची शक्यता असते. दवाखान्यात नुसता बसून घेतलेला रक्तदाब हे सांगू शकत नाही. म्हणून ‘डॉक्टर, उभं राहूनही बघा’ असे आपण होऊन म्हणावे.

३. औषधांची पिशवी : घरातील सर्व गोळ्या, अगदी शेजाऱ्याने दिलेल्या आणि दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवाव्यात. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी वाढवणारी औषधे, प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्या, सर्दी-खाजेवरची गुंगी आणणारी औषधे आणि साखर फार खाली नेणारी मधुमेहाची औषधे यांमुळे तोल जाऊ शकतो. दोन डॉक्टरांनी एकाच प्रकारची दोन औषधे वेगवेगळ्या नावांनी दिलेली असणे हेही नवल नाही. मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. वर्षानुवर्षे घेतलेली झोपेची गोळी एकदम सोडणे धोक्याचे असते.

४. डोळे : मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहण्याचे दिवस गेले. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे सत्तरीपुढच्या ३०६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांची मोतीबिंदूची पहिली शस्त्रक्रिया लवकर झाली त्यांच्यात पडण्याचे प्रमाण ताटकळत राहिलेल्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी आढळले. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. तसेच जवळच्या व लांबच्या अशा दुहेरी नंबरचा चष्मा लावून जिना उतरताना पायरी अस्पष्ट दिसते. अशा वेळी मान पुरती खाली घालून चष्म्याच्या वरच्या भागातून पाहावे आणि कठडा धरावा.

५. पावले : वाढलेली नखे, कुरूप, भेगा, मधुमेहामुळे बधिर झालेले तळवे यांकडे लक्ष द्यावे. झिजलेल्या तळाच्या सपाता टाकून द्याव्यात. मागून पट्टा असलेली, मापाची आणि खरखरीत तळाची चप्पल वापरावी.

घरात काय बदलावे?

घर बदलायला फार पैसा लागतो असे नाही. सर्वांत आधी मोरी व संडास पाहावा. शेवाळ दर आठवड्याला खराट्याने घासून काढावे. चकचकीत फरशीवर खरबरीत रबरी चटई घालावी. ती सरकणार नाही याची खात्री करावी. उकिडवे बसून उठताना रक्तदाब उतरतो आणि गुडघेही साथ देत नाहीत. म्हणून भिंतीत लोखंडी दांडी पक्की बसवून घ्यावी. नळाला किंवा टॉवेलच्या दांडीला धरून उठण्याची सवय घातक असते, कारण ती दांडी माणसाचा भार पेलण्यासाठी बसवलेली नसते. आंघोळ स्टुलावर बसून करावी. आतून कडी न लावता दार नुसते लोटून घेण्याची मोकळीक ज्येष्ठांना असावी.

रात्रीचा दिवा हा दुसरा मुद्दा. अंथरुणापासून मोरीपर्यंतच्या वाटेवर मंद दिवा असावा आणि वीज गेल्यास हाताशी येईल अशी बॅटरी उशाजवळ ठेवावी. उठल्याबरोबर चालू लागू नये. आधी कडेला बसावे, पाय हलवावेत, मनात वीसपर्यंत मोजावे आणि मग उभे राहावे. वाटेवरचे पायपुसणे, गुंडाळी झालेली सतरंजी, टेबलफॅनची वायर, नातवंडांची खेळणी काढून टाकावीत. उंबरठ्यावर पांढरा किंवा पिवळा रंग लावल्यास तो कमी उजेडातही दिसतो. रोज लागणारे डबे कमरेच्या उंचीवर ठेवावेत, म्हणजे आजींना पाटावर चढून फळीवरचा डबा काढावा लागणार नाही. गोठ्यात जाणाऱ्यांनी दाव्यात पाय अडकणार नाही याची आणि पावसाळ्यात अंगणातल्या निसरड्या वाटेची काळजी घ्यावी.

व्यायाम : नुसते फिरणे पुरेसे नाही

सकाळचे फिरणे हृदयाला चांगले, पण त्याने तोल फारसा सुधारत नाही. त्यासाठी पायांची ताकद व तोल यांचे वेगळे व्यायाम लागतात. न्यूझीलंडमध्ये ८० वर्षे व त्यापुढील २३३ स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात निम्म्या स्त्रियांना असे व्यायाम घरी शिकवले गेले. वर्षभरात व्यायाम न शिकवलेल्या गटात पडण्याच्या १५२ घटना घडल्या, व्यायाम करणाऱ्या गटात ८८. हे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. ऐंशीनंतरही स्नायू सुधारतात, हा त्यातला धडा.

स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे व टेकवणे, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे-बसणे, ओट्याच्या कडेने आडवे पाऊल टाकत चालणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल टेकवून सरळ रेषेत चालणे, हे व्यायाम प्रत्येकी आठ-दहा वेळा, आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत. सुरुवातीला शेजारी कुणीतरी असावे. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा चक्कर असा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

आहारात दूध, दही, नाचणी, तीळ, डाळी, उसळी असाव्यात आणि रोज थोडे ऊन अंगावर घ्यावे. ‘ड’ जीवनसत्त्वाचे मोठाले डोस मात्र सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. ऑस्ट्रेलियात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षातून एकदाच ५ लाख युनिटचा डोस दिलेल्या वृद्ध स्त्रिया कमी पडण्याऐवजी अधिक पडल्या आणि त्यांची हाडेही अधिक मोडली.

कुणी पडल्यास काय करावे?

घाईने ओढून उठवू नये. आधी शुद्ध आहे का, कुठे दुखते, हातपाय हलतात का हे पाहावे. एक पाय आखूड दिसत असेल, बाहेरच्या बाजूला वळला असेल आणि मांडीच्या सांध्यात तीव्र वेदना असेल, तर खुब्याचे हाड मोडले असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी मालीश, शेक, हाड बसवणे यांत वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ‘या वयात ऑपरेशन सोसेल का?’ म्हणून कुटुंबे दिवस घालवतात. परंतु अंथरुणाला खिळून राहण्यानेच व्रण, न्यूमोनिया आणि पायांतील रक्ताच्या गुठळ्या होऊन रुग्ण दगावतो. शस्त्रक्रिया शक्य तर दोन दिवसांच्या आत व्हावी असा आज वैद्यकशास्त्राचा आग्रह आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्यात आले आहे. त्याचे कार्ड गरज पडण्याआधीच काढून ठेवावे आणि आपल्या भागातील कोणती रुग्णालये योजनेत आहेत हे विचारून ठेवावे.

डोक्याला मार लागल्यास आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास बाहेर जखम नसली तरी डॉक्टरांना दाखवावे. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही झोपाळूपणा, डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ किंवा चालण्यात फरक दिसला, तर मेंदूभोवती रक्त साचले असण्याची शंका घ्यावी.

आणि एक गोष्ट कुटुंबीयांनी समजून घ्यावी. पुष्कळ ज्येष्ठ पडल्याचे लपवतात. ‘काही नाही गं सूनबाई, जरा पाय घसरला’ म्हणून विषय संपवतात. आपले बाहेर जाणे बंद होईल, आपण ओझे वाटू, ही त्यांची भीती असते. म्हणून रागावू नये. ‘उद्यापासून एकटं जायचं नाही’ असा हुकूम सोडण्याऐवजी का पडलात, हे शांतपणे विचारावे.

गावाचे काम

घर सुरक्षित केले, पण दाराबाहेर गटारावरची फरशीच गायब असेल तर काय? बसस्थानकावरचे शौचालय निसरडे, बँकेच्या पायऱ्यांना कठडा नाही, सरकारी कचेरी वरच्या मजल्यावर, रस्त्यावरचा दिवा महिनोन् महिने बंद, ही कारणे एका कुटुंबाने दूर होण्यासारखी नाहीत. इथे संघटनेचे काम सुरू होते. आपल्या राज्यात ज्येष्ठ नागरिक संघांची चळवळ जुनी आहे. या संघांचा महासंघ, ज्याला आपण ‘फेस्कॉम’ म्हणून ओळखतो, तो १९८० सालापासून कार्यरत आहे. वाढदिवस, सहली, व्याख्याने हे कार्यक्रम चांगलेच आहेत. त्यांना लोकशिक्षण, पाहणी आणि पाठपुरावा या तीन कामांची जोड द्यावी.

असे केल्याने फरक पडतो का? डॉ. टिनेटी यांच्याच गटाने अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात हे करून पाहिले. एका भागातील डॉक्टर, घरी जाणाऱ्या परिचारिका, व्यायामोपचार करणारे आणि ज्येष्ठांची केंद्रे या सर्वांना पडणे टाळण्याचे शिक्षण दिले. दुसऱ्या भागात नेहमीचेच चालू ठेवले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या भागात पडण्यामुळे होणाऱ्या गंभीर दुखापतींचे प्रमाण ९ टक्क्यांनी आणि पडण्यामुळे घ्याव्या लागणाऱ्या वैद्यकीय सेवांचे प्रमाण ११ टक्क्यांनी कमी राहिले. हा फरक एकाच डॉक्टरांच्या दवाखान्यातला नसून सबंध भागातला होता.

पाहणी कशी करावी?

संशोधन म्हणजे प्रयोगशाळाच हवी असे नाही. २०१७-१८ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभर ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी केली. त्यांत साठीपुढचे ३१ हजारांहून अधिक होते. अशा पाहणीतून देशाचे चित्र मिळते. पण आपल्या गावात नेमक्या कोणत्या वळणावर माणसे पडतात, हे त्यातून कळणार नाही. ते आपणच मोजायला हवे.

एक पानाचा कागद पुरे. वय, स्त्री की पुरुष, गेल्या बारा महिन्यांत पडणे झाले का, किती वेळा, कुठे, कोणत्या वेळी, काय करत असताना, दुखापत काय झाली, रोज किती प्रकारच्या गोळ्या चालू आहेत आणि डोळे शेवटचे कधी तपासले, एवढे प्रश्न विचारावेत. नाव लिहू नये. ‘पडणे’ म्हणजे काय ते आधी समजावून सांगावे. तोल जाऊन जमिनीवर यावे लागले, मग लागलेले असो वा नसो, ते पडणेच. नाहीतर लोक फक्त हाड मोडल्याचेच सांगतात.

दोन चुका टाळाव्यात. पहिली, फक्त पडलेल्यांना विचारणे. न पडलेल्यांचीही नोंद नसेल तर प्रमाण काढता येत नाही. दुसरी, फक्त सभेला येणाऱ्यांना विचारणे. सभेला येतात ते चालते-फिरते, आणि बहुधा पुरुष. ज्या आजी वर्षभर घराबाहेर पडलेल्या नाहीत, ज्या विधवा मागच्या खोलीत एकट्या राहतात, त्यांची गोष्ट कागदावर यायची तर त्यांच्या दारात जावे लागेल. म्हणून प्रत्येक आळीतील घरे क्रमाने घ्यावीत आणि प्रश्न विचारणाऱ्यांत स्त्रिया असाव्यात. महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेची मुले-मुली, आशाताई यांची मदत मागावी.

समजा, २०० जणांना विचारले आणि ६० जण पडल्याचे आढळले. त्यांतील २५ जण मोरीत, १५ जण रात्री अंथरुणावरून उठताना आणि १२ जण बाजाराच्या एकाच रस्त्यावर पडले असतील, तर कामाची यादी आपोआप तयार होते. मोरीसाठी दांडी बसवून देणारा गवंडी सामुदायिक दरात ठरवता येईल, उठताना पडणाऱ्यांसाठी रक्तदाब व औषध तपासणीचे शिबिर घेता येईल आणि त्या रस्त्यासाठी पालिकेकडे जाता येईल.

मागणी कशी करावी?

‘रस्ते सुधारा’ असे मोघम निवेदन फायलीत जाते. ‘अमुक चौकापासून तमुक दुकानापर्यंत गटाराच्या सात फरश्या नाहीत, वर्षभरात तेथे १२ ज्येष्ठ पडले, दोघांची हाडे मोडली, सोबत नकाशा जोडला आहे,’ अशा निवेदनाला उत्तर द्यावे लागते. निवेदनाची पोच घ्यावी. महिनाभरात हालचाल न झाल्यास माहितीच्या अधिकाराखाली, म्हणजे २००५ च्या कायद्यानुसार, त्या निवेदनावर काय कार्यवाही झाली असे विचारावे.

आरोग्यसेवेबाबतही मागण्यांना कायद्याचा आधार आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण याबाबतचा कायदा २००७ साली झाला. मुलांकडून पोटगी मिळवण्याचा कायदा म्हणून तो सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या विसाव्या कलमात सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी शक्य तितक्या खाटा, वेगळी रांग आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी राखीव सोय, तीही या कामाचा अनुभव असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, असे म्हटले आहे. २०१०-११ पासूनच्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष धरलेला आहे. आपल्या जिल्ह्यात यांतले काय सुरू आहे, हे संघाने जाऊन पाहावे. काठी, वॉकर, चष्मा अशी साधने गरजूंना देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली. तिच्या शिबिरासाठी समाजकल्याण कार्यालयाकडे मागणी नोंदवावी. योजनांची माहिती किंवा छळाची तक्रार यासाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ आहे. हा क्रमांक घराघरांत भिंतीवर लिहून ठेवावा.

आणि वर्षाने तीच पाहणी, तेच प्रश्न घेऊन पुन्हा करावी. आकडा उतरला तर केलेल्या कामाचे चीज झाले असे समजावे. न उतरल्यास कुठे कमी पडलो ते कळेल.

थोडक्यात लक्षात ठेवावे :

• पडणे हे लक्षण आहे. त्याचे कारण शोधावे.
• वर्षातून एकदा डोळे, औषधे आणि उभे राहिल्यावरचा रक्तदाब तपासावा.
• मोरीत दांडी, रात्री दिवा, पायात पट्ट्याची चप्पल.
• आठवड्यातून तीन दिवस तोलाचे व्यायाम.
• पडल्यावर पाय आखूड किंवा वळलेला दिसल्यास मालीश नको, थेट रुग्णालय.
• संघाने मोजावे, लिहून मागावे आणि पुन्हा मोजावे.

दरवर्षी १ ऑक्टोबरला जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन साजरा होतो. त्या दिवशी शाल-श्रीफळ जरूर द्यावे. त्याबरोबर आपल्या आळीतील कोणत्या आजी गेल्या वर्षभरात पडल्या, त्यांच्या मोरीत दांडी बसली का आणि त्यांच्या दारासमोरची फरशी नीट झाली का, याचाही हिशेब त्याच सभेत मांडला जावा.